चार चौरस सेंटिमीटरमधून जवळजवळ अख्ख्या अंगाची कातडी: बोखुमच्या मुलाची केस

जून 2015. जर्मनीतल्या बोखुम शहरात रुर विद्यापीठाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सात वर्षांचा एक मुलगा बर्न्स युनिटला दाखल झाला, पण भाजला वगैरे अजिबात नव्हता. सीरियातून आलेलं निर्वासित कुटुंब, मुलाला जन्मापासूनच अंगावर फोड यायचा आजार, आणि दाखल व्हायच्या साधारण सहा आठवडे आधी त्यात स्टॅफ आणि स्यूडोमोनास या जंतूंचं इन्फेक्शन घुसलं. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत अंगावरची 60 टक्के वरची कातडी गेली होती. वजन 17 किलो, म्हणजे त्या वयाला फारच कमी.

आजाराचं नाव जंक्शनल एपिडर्मोलायसिस बुलोसा, म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोसाचा (पुढे नुसतं ईबी म्हणतो) एक प्रकार. आपल्या कातडीचे दोन मोठे थर, वरचा एपिडर्मिस आणि खालचा डर्मिस, आणि हे दोन एकमेकांना धरून ठेवणारी एक पातळ पट्टी मध्ये असते. त्या पट्टीत लॅमिनिन-332 नावाचं प्रोटीन लागतं आणि ते तीन साखळ्यांचं मिळून बनतं. या मुलाच्या LAMB3 या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे तिघांपैकी एक साखळीच नीट बनत नाही, मग अख्खं प्रोटीनच जागेवर बसत नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा कसा नुसता हात लागला तरी सुटतो, तसं वरचं कातडं सुटतं. खालची भिंत ठीक असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण ही अख्खी केस त्याच्यावर उभी आहे आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच कुणी सांगितलं नाही.

या प्रकारच्या ईबीमध्ये 40 टक्क्यांहून जास्त पेशंट वयात यायच्या आतच जातात. तेव्हा इलाज म्हणजे ड्रेसिंग, अँटिबायोटिक, वेदनेची औषधं, बस.

बोखुमच्या डॉक्टरांनी जे जे हातात होतं ते सगळं करून पाहिलं. नाकातून नळीने खाणं, रक्त, अँटिबायोटिक, वरचेवर ड्रेसिंग बदलणं (आणि अशा मुलाचं ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी बर्न्स वॉर्ड पाहिलाय त्यांना सांगायला नको). वडिलांची कातडी काढून लावून पाहिली, ती टिकली नाही. टिकणार नव्हतीच खरं तर, दुसऱ्या माणसाची कातडी शरीर काही आठवड्यांत नाकारतं, सख्ख्या बापाची असली तरी, पण तेव्हा दुसरं काय करणार होते ते लोक. शेवटी एक वेळ अशी आली की आता फक्त त्रास कमी करायचा आणि जे होईल ते होऊ द्यायचं, असं बोलणं सुरू झालं. आईवडील अडून बसले की अजून काहीतरी बघा. मग प्लास्टिक सर्जन टोबियास हिर्श, मुलांचे डॉक्टर टोबियास रोथोफ्ट आणि त्यांची टीम जुने पेपर चाळायला बसली, आणि त्यात इटलीतल्या मोडेनाचं एक काम सापडलं.

मोडेनाकडे काय होतं

मोडेना आणि रेज्जो एमिलिया विद्यापीठात मिकेले दे लुका आणि ग्राझिएला पेलेग्रिनी हे दोघं कित्येक वर्षं एकच गोष्ट करत होते, माणसाच्या कातडीच्या आणि डोळ्याच्या बुबुळावरच्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनत राहतात त्या मूळ पेशी) लॅबमध्ये वाढवून परत पेशंटला लावायच्या. डोळ्याची त्यांची ट्रीटमेंट, होलोक्लार नावाची, फेब्रुवारी 2015 मध्ये युरोपात मंजूरही झाली होती. कातडीच्या बाबतीत त्यांनी 2005 मध्ये एका मोठ्या माणसाच्या दोन्ही मांड्यांवर जीन दुरुस्त केलेल्या कातडीचे छोटे तुकडे लावले होते, आजार हाच, जीनही हाच. 2006 मध्ये ते छापून आलं. साडेसहा वर्षांनी परत तपासलं तेव्हाही ते तुकडे शाबूत होते, फोड नाही काही नाही.

मग मधली इतकी वर्षं काय झालं? युरोपात नियम बदलले. अशा पेशींच्या ट्रीटमेंटला औषधाच्या कारखान्यासारखे कडक नियम लागू झाले, विद्यापीठाच्या लॅबला ते झेपण्यासारखं नव्हतं, आणि सगळं नव्याने उभं करण्यात वर्षं गेली. नियम चुकीचे होते असं माझं म्हणणं नाही, पण चाललेली गोष्ट इतका काळ अडकून पडली हे खरं आहे. पुढचा पेशंट 2014 मध्ये ऑस्ट्रियात झाला, त्यातही पायावरचा एक छोटा भागच. आणि आता बोखुमवाले विचारत होते की अख्ख्या अंगाची कातडी द्याल का.

इथे जरा थांबून मागे जाऊ, कारण माझ्या मते या केसमधला खरा पराक्रम जीन बदलण्याचा नाहीच. सगळ्या बातम्यांनी जीन थेरपी जीन थेरपी केलं. रेट्रोव्हायरसच्या (पेशीच्या डीएनएत आपला जीन घुसवणारा विषाणू) आत चांगला जीन घालून पेशीत सोडायचा ही पद्धत तेव्हाही जुनीच होती. अवघड होतं ते पेशी वाढवताना त्यातल्या योग्य पेशी मरू न देणं.

डिशमधली कातडी

1975 मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड या दोघांनी दाखवलं की माणसाच्या एपिडर्मिसच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवता येतात. त्याआधी त्या डिशमध्ये टाकल्या की थोड्या वाढायच्या आणि मग बंद पडायच्या. हे लोक खरं तर उंदराच्या एका ट्यूमरवर काम करत होते, त्यात त्यांना दिसलं की कातडीसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या वसाहती तयार होतायत, पण शेजारी दुसऱ्या प्रकारच्या पेशी असतील तरच. मग त्यांनी उंदराच्या 3T3 नावाच्या पेशी घेतल्या (या ग्रीनच्याच, 1963 मध्ये जॉर्ज तोदारोबरोबर तयार केलेल्या), रेडिएशन देऊन त्यांचं वाढणं बंद केलं, म्हणजे जिवंत आहेत पण दुप्पट होत नाहीत, आणि डिशच्या तळाशी त्यांचा थर देऊन त्यावर माणसाच्या पेशी सोडल्या. त्या धडाधड वाढल्या. पुढे या कल्चरच्या खाद्यात एकेक जिन्नस वाढत गेला, एक ग्रोथ फॅक्टर, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि चक्क कॉलराचं विष. हो, पटकीच्या जंतूचं. अगदी थोडं घातलं की केराटिनोसाइट जास्त जोमाने वाढतात.

1981 मध्ये भाजलेल्या पेशंटवर हे पहिल्यांदा वापरलं, आणि 1983 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधली दोन लहान भावंडं, अंगाचा 95 टक्क्यांहून जास्त भाग भाजलेली, बॉस्टनमध्ये अशा कातडीने वाचली. जगभर गाजावाजा झाला, आता भाजलेल्यांचा प्रश्न सुटला असं वाटायला लागलं. तो काही सुटला नाही. कुठे ग्राफ्ट (लावलेले कातडीचे तुकडे) बसायचे, कुठे नाही, कुठे बसून काही महिन्यांनी निघून जायचे, आणि नव्वदच्या दशकात बऱ्याच सर्जन लोकांनी हा नाद सोडून दिला.

दे लुका आणि पेलेग्रिनी यांचं म्हणणं होतं की दोष आयडियाचा नाही, कल्चर करणाऱ्यांचा आहे. 1987 मध्ये यान बारांदाँ आणि ग्रीन यांनी दाखवून ठेवलं होतं की डिशमध्ये दिसणाऱ्या सगळ्या केराटिनोसाइट सारख्या नसतात. एकेक पेशी वेगळी काढून वाढवली तर तीन प्रकारच्या वसाहती दिसतात. होलोक्लोन, म्हणजे मोठी गोल वसाहत, कड गुळगुळीत, आत लहान लहान पेशी गच्च बसलेल्या, हिला प्रचंड वाढता येतं, या खऱ्या स्टेम सेल. पॅराक्लोन म्हणजे छोटी, कडा वेड्यावाकड्या, पेशी मोठ्या आणि पसरट, थोड्या वेळा दुप्पट होऊन संपल्या. आणि मेरोक्लोन या दोघांच्या मधल्या. आता गोम अशी की कल्चर नीट सांभाळलं नाही, पेशी फार दाट होऊ दिल्या, 3T3 चा थर खराब असला, खाद्यातलं सीरम हलकं निघालं, तर होलोक्लोन हळूहळू पॅराक्लोन होत जातात आणि उलटं कधीच होत नाही. वरून बघायला डिश तीच, पेशींची चादर तशीच छान तयार होते, सर्जनला देताना काही कळत नाही. लावल्यावर महिनाभर सुंदर दिसते. मग खालून नवीन पेशी पुरवणारं कुणी नसल्यामुळे संपते. पेलेग्रिनीने 1999 मध्ये भाजलेल्या पेशंटवर हेच दाखवलं होतं की होलोक्लोन सांभाळले तर ग्राफ्ट टिकतात. ही नुसती कारागिरी आहे असं म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात, पण तीच कारागिरी या मुलाच्या उपयोगी पडली.

मुलाचं काय केलं

नियामक संस्थेची आणि एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली, दुसरा उपाय नसलेल्या पेशंटसाठी अपवाद म्हणून. सप्टेंबर 2015 मध्ये डाव्या जांघेतून, जिथे त्या वेळी फोड नव्हते, अशा जागेवरून 4 चौरस सेंटिमीटरचा तुकडा काढला. दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटर, बस एवढाच. तो मोडेनाला गेला. त्यातल्या पेशी सुट्या करून 3T3 वर वाढवल्या, रेट्रोव्हायरसने LAMB3 ची चांगली प्रत आत सोडली, आणि मग वाढवत वाढवत एकूण 0.85 चौरस मीटर कातडी तयार केली. भागाकार करून बघा, 2,000 पटींहून जास्त होतं.

काही चादरी नेहमीसारख्या प्लास्टिकवर आणि काही फायब्रिनच्या जेलवर वाढवल्या होत्या. फरक असा की प्लास्टिकवरची चादर काढायला डिस्पेज नावाचं एन्झाइम घालून ती तळापासून सोडवावी लागते, आणि सुटली की ती आकसते, शिवाय काही पेशींच्या थराइतकीच जाड असल्यामुळे तिला गॉझवर चिकटवून, कुठली बाजू खाली हे न चुकता न्यावं लागतं. फायब्रिन हे रक्त गोठताना तयार होणारंच प्रोटीन, त्यामुळे जेलसकट उचलून जखमेवर ठेवता येतं आणि ते मागाहून विरघळून जातं. दोन्ही सारख्याच बसल्या, मग सोय म्हणून पुढे फायब्रिन.

पहिलं ऑपरेशन ऑक्टोबर 2015, हातपाय. तोपर्यंत 80 टक्के कातडी गेलेली होती. दुसरं नोव्हेंबरमध्ये, पाठ आणि कुशी. पाठ म्हणजे सगळ्यात वैताग, कारण पेशंट झोपणार कुठे, आणि ताज्या ग्राफ्टवर दाब किंवा घासणं चालत नाही. तिसरं जानेवारी 2016, उरलेल्या जागा. दर वेळी आधी जखमेवरची सगळी मेलेली घाण काढून खालचा डर्मिस स्वच्छ करायचा आणि मग चादरी लावायच्या. दहा दिवसांनी वरचा गॉझ काढला तर खाली एपिडर्मिस बसलेला दिसत होता.

फेब्रुवारी 2016 मध्ये मुलगा घरी गेला. साधारण आठ महिने हॉस्पिटलमध्ये काढून. मग शाळेत जायला लागला.

नोव्हेंबर 2017 मध्ये हे सगळं 'नेचर'मध्ये छापून आलं, तेव्हा 21 महिने झाले होते. आपला एपिडर्मिस साधारण महिन्याला एकदा पूर्ण नवा होतो, म्हणजे तोपर्यंत त्या कातडीचे वीसेक फेरे झाले. फोड नाहीत, घासलं तरी सुटत नाही, खरचटलं तर सगळ्यांसारखं भरून येतं. बायोप्सी काढून बघितलं तर लॅमिनिन जागेवर, आणि तपासलेल्या पेशी सगळ्या दुरुस्त केलेल्याच, जुन्या बिघडलेल्या शिरल्या नाहीत.

याच्यातून मिळालेलं उत्तर

आता मला या केसमधलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. कातडीवर काम करणाऱ्यांमध्ये एक जुना वाद होता. एपिडर्मिसच्या तळाच्या थरातल्या सगळ्याच पेशी कमीअधिक सारख्या असतात आणि सगळ्या मिळून कातडी नवी करत राहतात, की थोड्याच खऱ्या स्टेम सेल असतात आणि बाकीच्या त्यांच्या अल्पायुषी लेकी? उंदरांवर दोन्ही बाजूंनी पुरावे होते. माणसावर हा प्रयोग करणार कसा.

तो इथे आपोआप झाला. रेट्रोव्हायरस पेशीच्या डीएनएमध्ये कुठेही जाऊन घुसतो, प्रत्येक पेशीत वेगळ्या ठिकाणी, आणि ती जागा त्या पेशीच्या सगळ्या वंशाला वारशाने मिळते. म्हणजे डीएनए वाचला की कुठली पेशी कुणाच्या घराण्यातली ते कळतं. ग्राफ्ट लावायच्या आधीच्या कल्चरमध्ये अशा 27,000हून जास्त वेगवेगळ्या जागा सापडल्या. मग चार महिन्यांनी आणि आठ महिन्यांनी मुलाच्या कातडीतून नमुने घेतले, तर आकडा झपाट्याने खाली आलेला. बहुतेक घराणी दोनचार महिन्यांतच बुडाली होती. जी उरली त्यांच्या खुणा होलोक्लोनमध्ये सापडत होत्या. म्हणजे लावलेल्या पेशींपैकी बहुतेक जणी तात्पुरत्या होत्या आणि अख्ख्या मुलाची कातडी मोजक्या स्टेम सेल सांभाळत होत्या.

वाद मिटला म्हणा, निदान माणसाच्या कातडीपुरता. आणि ग्राफ्ट का टिकतात, का जातात याचंही उत्तर त्यातच आहे. चादर किती मोठी किती जाड याला महत्त्व नाही, आत होलोक्लोन किती आहेत ते मोजा.

पण ही पूर्ण कातडी नाही

"लॅबमध्ये कातडी बनवली" असं वाचून भाजलेल्यांसाठी पण हे लगेच होईल असं लोकांना वाटतं. इथेच ते मघाचं वाक्य कामाला येतं, खालची भिंत ठीक होती. मोडेनाने बनवला तो फक्त एपिडर्मिस. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, हे सगळं डर्मिसमध्ये असतं आणि ते त्या मुलाचं स्वतःचंच होतं, आजाराने ते नेलं नव्हतं. खोल भाजतं तेव्हा डर्मिसही जातो, मग ही चादर नुसत्या मांसावर किंवा चरबीवर टाकून नीट धरत नाही, धरली तरी आकसते. यावरचा एक जुना तोडगा म्हणजे आधी मृत दात्याची कातडी लावायची, ती नाकारली जायच्या आत तिचा वरचा थर खरवडून काढायचा, आणि खाली उरलेल्या परक्या डर्मिसवर पेशंटच्या स्वतःच्या पेशींची चादर बसवायची. 1986 मध्ये चार्ल्स कुओनो यांनी हे करून दाखवलं. म्हणजे सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान पण शेवटी कुणीतरी मेल्यानंतर दिलेल्या कातडीवर टेकतं.

आपल्याकडे मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी 2000 मध्ये स्किन बँक सुरू केली. मृत्यूनंतर काही तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरून पातळ थर काढतात, ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, तो बराच काळ टिकतो. ती कायमची बसत नाही, पण जखम झाकते, पाणी आणि प्रोटीन वाहून जाणं थांबवते, इन्फेक्शन अडवते, आणि मोठ्या भाजलेल्या पेशंटला तेवढा वेळ मिळणं हेच कित्येकदा जगणं असतं. डोळे दान करायला लोक आता तयार होतात, कातडी म्हटलं की मागे सरतात, सोलून काढतात असं काहीतरी डोक्यात असतं म्हणून. तसं नसतं, थर कागदासारखा असतो आणि पट्टी बांधून देतात.

केसांसकट कातडी बनवायचं काम दुसऱ्या वाटेने चालू आहे. बॉस्टनमध्ये कार्ल कोलर आणि जियून ली यांच्या टीमने 2020 मध्ये, कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलपासून चारपाच महिने वाढवून, छोटे गोळे तयार केले ज्यांत एपिडर्मिस, डर्मिस, केसांची मुळं, चरबी आणि संवेदना नेणाऱ्या नसासुद्धा होत्या, आणि ते उंदरावर लावल्यावर केसही आले. भारी आहे, पण ते मिलिमीटरचे गोळे आहेत, त्यातून पाठ झाकायला अजून बराच अवकाश आहे.

आता कुठे आहे

2021 च्या शेवटी पाच वर्षांचा फॉलोअप छापून आला. लावलेली कातडी तशीच टिकून, बळकट. जिथे लावली नव्हती त्या छोट्या जागांवर मात्र अधूनमधून फोड येतात, ते येणारच, तिथे जीन जुनाच आहे.

काळजीची एक गोष्ट राहतेच. रेट्रोव्हायरस कुठेही घुसतो म्हटलं, तो चुकीच्या जागी घुसला तर कॅन्सर होऊ शकतो, आणि हे नुसतं पुस्तकी नाही, पॅरिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर अशीच जीन थेरपी केली होती तेव्हा 2002 पासून काहींना ल्युकेमिया झालेला दिसला. कातडीच्या या पेशंटमध्ये पाच वर्षांपर्यंत तसं काही सापडलं नाही, एखादी पेशी बाकीच्यांना मागे टाकून माजतेय असंही दिसलं नाही. पण ईबीवाल्यांना कातडीच्या कॅन्सरचा धोका मुळातच जास्त असतो, त्यामुळे तपासत राहणं आलं. कातडी डोळ्यांना दिसते, संशय आला तर तेवढा भाग कापून काढता येतो, रक्ताचं तसं नसतं, ही त्यातली जमेची बाजू.

दरम्यान ईबीच्याच दुसऱ्या प्रकारासाठी, ज्यात कोलॅजन-7 चा जीन बिघडलेला असतो, एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) झेवास्किन नावाची ट्रीटमेंट मंजूर केली. पद्धत साधारण हीच, पेशंटच्याच पेशी, जीन घातलेल्या, साधारण क्रेडिट कार्डाएवढ्या चादरी, एका ऑपरेशनमध्ये जास्तीत जास्त 12. त्याच्या आधी मे 2023 मध्ये त्याच प्रकारासाठी जखमेवर लावायची जीन थेरपीची जेलही मंजूर झालीय, तिला ना बायोप्सी लागते ना ऑपरेशन, पण तिचा जीन डीएनएत जाऊन बसत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा लावावी लागते. मोठ्या, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेसाठी माझा कल अजून चादरीकडेच आहे.